पारसची भट्टी व रिठदचा दिवा

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांत रिठद नांवाचें गांव आहे. हा सारा मुलूख शेतीचा. खरिपांत सोयाबीन, तूर व कपाशी, रब्बींत हरभरा व गहूं, आणि जेथें विहिरीस पाणी टिकतें तेथें हळद, असा येथील पिकांचा क्रम. अशा गांवीं सायंकाळीं दहा वॅटचा एक लहानसा दिवा लागतो आणि चार तासांनीं मालवतो. या चार तासांची वीज कोळशाची असेल, तर तेवढ्या वेळांत त्या दिव्यासाठीं सुमारें अडीच तोळे दगडी कोळसा कोठें तरी जळून गेलेला असतो. त्याचा धूर घरांत येत नाहीं व राख अंगणांत पडत नाहीं. म्हणून तो जळला हें आपणांस कळतही नाहीं. ‘दिव्याखालीं अंधार’ अशी आपल्या भाषेंत म्हण आहे; विजेच्या दिव्याची काजळी मात्र त्याच्या खालीं न पडतां दूर परगांवीं पडते. तें परगांव कोणतें, तेथें कोळशाची वीज कशी होते, तो कारखाना कसकसा वाढत गेला आणि त्या वाढीचा रिठदसारख्या गांवाशीं काय संबंध पोहोंचतो, हें आमच्या वाचकांस शक्य तितक्या सोप्या रीतीनें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

रिठदला जवळचें असें कोळशाचें मोठें वीजकेंद्र म्हणजे पारस. हें गांव अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यांत, मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. रिठद आणि पारस आज दोन जिल्ह्यांत मोडतात. पण हें अंतर अलीकडचें आहे. जुना वाशीम जिल्हा १९०५ सालीं मोडण्यांत आला व नवा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. पारसचें पहिलें यंत्र फिरूं लागलें तेव्हां हीं दोन्ही गांवें एकाच अकोला जिल्ह्यांतील होतीं. एक पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यांत, तर दुसरें अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडील पठारावर.

प्रथम थोडा पूर्वइतिहास पाहूं. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हालविला असतां तारेंत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हें मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानें १८३१ सालीं दाखविलें. आजचें प्रचंडांतील प्रचंड वीजकेंद्रही या एकाच तत्त्वावर चालतें. प्रश्न उरतो तो चुंबक अखंड फिरवावयाचा कोणीं, एवढाच. १८८४ सालीं चार्ल्स पार्सन्स यांनीं वाफेच्या झोतानें फिरणारें टर्बाइन तयार केलें आणि हें काम वाफेकडे सोंपविण्याची उत्तम सोय झाली. हिंदुस्थानांत कलकत्ता शहरास १८९९ सालीं वाफेच्या शक्तीवर केलेली वीज मिळूं लागली. मुंबई इलाख्यानें मात्र आधीं दुसरी वाट धरली. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचें पाणी अडवून तें कड्यावरून नळांतून खालीं सोडावयाचें व त्या वेगानें चक्रें फिरवावयाचीं, अशी टाटांची योजना होती. ती खोपोली येथें १९१५ सालीं सिद्धीस गेली. पुढें आगगाड्या विजेवर चालूं लागल्या, तेव्हां जी. आय. पी. रेल्वेनें कल्याणजवळ ठाकुर्लीस कोळशावर चालणारें चोळा वीजगृह बांधलें. तें १९२९ सालीं सुरू झालें.

वऱ्हाडास घाटमाथ्याचा मार्ग मोकळा नव्हता. एवढ्या उंचीवरून एवढें पाणी पाडण्याची सोय येथें निसर्गानें केलेली नाहीं. पण त्याची भरपाई त्यानें जमिनीखालीं करून ठेविली आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यांत, चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस व वणी या टापूंत कोट्यवधि वर्षांपूर्वीं गाडल्या गेलेल्या अरण्यांचा कोळसा झालेला आहे. वरोऱ्याची खाण १८७० नंतरच्या दशकांतच चालूं झाली होती. त्यापूर्वीं, १८६७ सालीं, मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपुरापर्यंत पोहोंचला होता. विदर्भांतील विजेचा पुढील सगळा इतिहास या दोन गोष्टींवर, म्हणजे खाण व आगगाडी यांवर, उभा आहे.

कोळशाच्या वीजकेंद्रास जागा निवडतांना चार गोष्टी पाहाव्या लागतात: कोळसा आणण्याचा मार्ग, पाण्याचा पुरवठा, राख टाकण्यास मोकळी जमीन आणि विजेस गिऱ्हाईक. पारसला लोहमार्ग दाराशींच होता. पाण्यास मन नदी होती. बाळापूरचा किल्ला जिच्या कांठीं आहे तीच ही नदी, पुढें पूर्णेस मिळते. गिऱ्हाईक म्हणाल तर अकोला, खामगांव, शेगांव या कापसाच्या पेठा, तेथील सरकी काढण्याचे व गांसड्या बांधण्याचे कारखाने भोंवतींच होते. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें, त्याच वर्षाच्या जून महिन्यांत महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना झाली, आणि १९६१ सालीं पारसचा पहिला संच चालूं झाला. त्याची शक्ति ३० मेगावॅट होती. (एक मेगावॅट म्हणजे दहा लक्ष वॅट, आमच्या दहा वॅटच्या दिव्याच्या हिशेबानें एक लक्ष दिवे.) १९६७ सालीं ६२.५ मेगावॅटचा दुसरा संच त्याच्या शेजारीं उभा राहिला. आज हे आंकडे लहान वाटतात. पण ज्या गांवांतून कंदिलाची कांच पुसणें हें संध्याकाळचें पहिलें काम होतें, त्या गांवांस हे आंकडे लहान नव्हते.

आतां कोळशाची वीज होते कशी, तें पाहूं. आगगाडीच्या वाघिणींतून आलेला कोळसा आधीं फोडून बारीक खड्यांएवढा करतात व रबरी पट्ट्यांवरून उंच कोठारांत चढवितात. तेथून तो चक्कींत पडतो व दळला जाऊन अगदीं पिठासारखा होतो. हें दळण कशासाठीं, असें कोणी विचारील. ओंडका सावकाश जळतो व भुसा भडकन् पेट घेतो, हें आपण रोज पाहतों. कण जितका लहान तितका त्यास सर्व बाजूंनीं वारा लागतो व तो क्षणांत पूर्ण जळतो. हें पीठ गरम हवेच्या झोताबरोबर बॉयलरच्या भट्टींत फुंकलें जातें. भट्टीच्या भिंती म्हणजे पोलादी नळ्यांच्या रांगा होत आणि त्यांतून शुद्ध केलेलें पाणी वाहत असतें. त्याची वाफ होते. ती वाफ पुन्हा तापवून सुमारें ५४० अंश सेंटिग्रेडपर्यंत नेतात. अशी वाफ डोळ्यांस दिसत नाहीं. चहाच्या भांड्यावर दिसते ती पांढरी वाफ म्हणजे खरोखर पाण्याचे सूक्ष्म थेंब. भट्टींतील वाफ कोरडी, अदृश्य आणि लोखंडास लाल करील इतकी प्रखर असते.

ही वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. तें चक्र मिनिटास ३००० फेरे घेतें व त्याच्या दांड्यास जोडलेला जनित्रांतील चुंबकही तितकेच फेरे घेतो. मिनिटास ३००० म्हणजे सेकंदास ५०. आपल्या घरच्या विजेचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात तीं यामुळेंच. काम करून थकलेली वाफ संघनकांत जाते. तेथें थंड पाण्याच्या नळ्यांना लागून तिचें पुन्हा पाणी होतें व तें भट्टीकडे परततें. नळ्यांतील तापलेलें पाणी मोठमोठ्या शीतन मनोऱ्यांत पावसासारखें खालीं पाडून निववितात. वीजकेंद्राच्या आवारांत ज्या रुंद, कमरेंत बारीक अशा मनोऱ्यांतून पांढरे लोट निघतांना दिसतात, तो धूर नव्हे, पाण्याची वाफ आहे. धूर निघतो तो उंच, सडपातळ धुरांड्यांतून. आणि तेथेंही तो सोडण्यापूर्वीं विजेनें भारलेल्या पत्र्यांमधून नेऊन त्यांतील राखेचे बहुतेक कण ओढून घेतात.

या सर्व खटाटोपांत कोळशाच्या शंभर भाग उष्णतेपैकीं वीज किती भागांची होते? पारसच्या आजच्या संचांसारख्या यंत्रांत सुमारें पस्तीस भागांची. बाकीची उष्णता कांहीं धुरांड्यावाटे व बरीचशी शीतन मनोऱ्यांवाटे आकाशांत जाते. हा आळशीपणा नाहीं, निसर्गाचा नियम आहे. उष्णतेचें काम करून घ्यावयाचें तर तिचा कांहीं भाग थंड जागीं सोडावाच लागतो. वाफ जितकी अधिक तप्त व अधिक दाबाची, तितका हा तोटा कमी. पाणी २२१ पट वायुदाबाच्या आसपास व ३७४ अंशांवर नेलें म्हणजे पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाहीं. नागपूरजवळ कोराडी येथें २०१५ ते २०१७ या काळांत ६६० मेगावॅटचे जे तीन संच उभे राहिले, ते या मर्यादेच्या वर चालणारे आहेत. अशा संचांत शंभरांपैकीं सुमारें चाळीस भागांपर्यंत मजल जाते. शंभरांत पांचाचा फरक ऐकण्यास किरकोळ. पण रोज हजारों टन कोळसा जाळणाऱ्या ठिकाणीं त्या पांचांत कित्येक वाघिणींचा कोळसा वांचतो.

पारसच्या वाढीचा दुसरा अध्याय २००८ सालीं सुरू होतो. मध्यंतरींच्या चाळीस वर्षांत विजेची मागणी कितीतरी पटींनीं वाढली. विहिरींवर मोटा जाऊन मोटारी आल्या, गांवोगांवीं पिठाच्या गिरण्या विजेवर चालूं लागल्या. पुरवठा मात्र त्या मानानें वाढला नाहीं आणि २००५ च्या आगेंमागें राज्यांत हजारों मेगावॅटची तूट पडूं लागली. ‘भारनियमन’ हा अवजड शब्द तेव्हां मराठींतील लहान मुलांच्याही तोंडीं रुळला. खेडेगांवांस त्याची झळ सर्वांत अधिक लागली. परीक्षेच्या दिवसांत कंदील पुन्हा खालीं उतरले. ६ जून २००५ रोजीं वीज मंडळाचे भाग पडून वीज निर्माण करणारी महानिर्मिती, ती वाहून नेणारी महापारेषण व घरोघर वांटणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. महानिर्मितीनें पारसला २००८ सालीं २५० मेगावॅटचा एक व २०१० सालीं तेवढ्याच शक्तीचा दुसरा संच चालूं केला. जुने दोन संच आयुष्य संपल्यावर सेवेंतून निवृत्त झाले. ३० मेगावॅटपासून ५०० मेगावॅटपर्यंत, अशी या केंद्राची पन्नास वर्षांची वाटचाल आहे.

लहान लहान अनेक यंत्रें न मांडतां मोठींच कां मांडतात, हें समजण्यास पंगतीचा स्वयंपाक आठवावा. चार माणसांसाठीं चूल पेटविली तर दर माणशीं जितकें सरपण लागतें, तितकें चारशें माणसांच्या चुलाण्यास लागत नाहीं. भट्टी मोठी केली म्हणजे तिच्या भिंतींतून निसटणाऱ्या उष्णतेचें प्रमाण कमी होतें, अधिक दाबाची वाफ वापरणें परवडतें, आणि आठपट विजेसाठीं आठपट माणसें लागत नाहींत. पण पंगत मोठी तशी फजितीही मोठी. २५० मेगावॅटचा एक संच अवचित बंद पडला तर पहिल्या पारसच्या आठपटींहून अधिक वीज एका क्षणांत नाहींशी होते, आणि तिची भरपाई तत्काळ दुसरीकडून करावी लागते.

ही भरपाई शक्य होते, कारण पारसची तार थेट रिठदला गेलेली नाहीं. राज्यांतील, किंबहुना सबंध देशांतील वीजकेंद्रें एकमेकांस उंच मनोऱ्यांवरील तारांनीं जोडलेलीं आहेत. या जाळ्यास एखाद्या मोठ्या तळ्याची उपमा देतां येईल. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, कोयना असे अनेक ओहोळ त्यांत पडतात व असंख्य पाट त्यांतून निघतात. रिठदच्या पाटांतलें पाणी नेमकें कोणत्या ओहोळाचें, हें सांगतां यावयाचें नाहीं. मात्र उपमेंत एक उणीव आहे. तळ्यांत पाणी सांठतें, तारांत वीज सांठत नाहीं. ज्या क्षणीं मागणी, त्याच क्षणीं निर्मिति, असा हा रोकडा व्यवहार आहे. मागणी वाढली व निर्मिति तेवढीच राहिली तर सर्व जनित्रांचा वेग किंचित् मंदावतो आणि पन्नासांच्या जागीं आवर्तनें कमी होऊं लागतात. उलट झालें तर वाढतात. हा तोल सांभाळण्यासाठीं भार-प्रेषण केंद्रांतील माणसें अहोरात्र जागत असतात.

येथें आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्याशीं आलों. रब्बीच्या दिवसांत, थंडी कडाक्याची असतां, वऱ्हाडांतील शेतकऱ्यास मध्यरात्रीं उठून पिकास पाणी देण्याची पाळी वर्षानुवर्षें येत गेली. बांधावर साप, रानांत डुकरें, ओल्या हातांनीं स्टार्टर चालूं करावयाचा, आणि पाट फुटला तर अंधारांतच फावडें मारावयाचें. यांत कित्येकांनीं जीवही गमावले. वीज दिवसां कां देत नाहींत, हा त्यांचा प्रश्न साधा व न्याय्य आहे. पण त्याचें उत्तर देणारांनीं बहुधा ‘वेळापत्रक’ एवढाच शब्द उच्चारला. त्या वेळापत्रकामागें पारससारख्या भट्टीचा स्वभाव आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

कोळशाची भट्टी घरच्या चुलीप्रमाणें हवी तेव्हां विझवितां व पेटवितां येत नाहीं. थंड झालेला बॉयलर पुन्हा पूर्ण तेजावर आणण्यास कित्येक तास जातात आणि आरंभीं महागडें तेल जाळावें लागतें. भट्टी मंद करावयाची म्हटली तरी पूर्ण शक्तीच्या निम्म्याहून फारसें खालीं तिला उतरविणें आजवर कठीण असे; ज्योत डळमळूं लागते. रात्रीं शहरांतील दुकानें, कचेऱ्या व बहुतेक कारखाने निजतात, परंतु भट्टी जागीच असते. तिची ती वीज कोणी तरी घेतलीच पाहिजे. दिव्याची वेळ बदलतां येत नाहीं, आगगाडीची बदलतां येत नाहीं. शेतांतील मोटारीची मात्र बदलतां येते, कारण पिकास पाणी दुपारीं मिळालें काय किंवा रात्रीं मिळालें काय, पीक तक्रार करीत नाहीं. तक्रार करणारा माणूस हिशेबाबाहेर राहिला. शिवाय सगळ्या मोटारी एकाच वेळीं चालल्या तर तारा व रोहित्रें यांस भार सोसत नाहीं. म्हणून कृषिपंपांस कधीं दिवसां तर कधीं रात्रीं अशी पाळीपाळीनें वीज देण्याची रीत पडली. दूरच्या भट्टीचा स्वभाव शेतकऱ्याच्या झोपेची वेळ ठरवितो तो असा.

वीजकेंद्राच्या विस्ताराची आणखी तीन देणीं आहेत. त्यांचाही हिशेब मांडला पाहिजे. पहिलें देणें कोळशाचें. आपल्याकडील कोळशाच्या हिशेबानें एका युनिट विजेस सुमारें पाऊण किलोपेक्षां थोडा कमी, म्हणजे ७०० ग्रॅम, कोळसा लागतो असें धरूं. ५०० मेगावॅटचें केंद्र चोवीस तास पूर्ण शक्तीनें चाललें तर एक कोटि वीस लक्ष युनिटें होतात, आणि त्यांस सुमारें ८,४०० टन कोळसा लागतो. म्हणजे रोज दोन पूर्ण मालगाड्या भरून वर कांहीं वाघिणी. शेतकऱ्याच्या मापानें बोलावयाचें तर पांच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली कीं सुमारें ३२ युनिटें खर्च होतात, आणि तेवढ्यासाठीं २२ किलो कोळसा जळतो. वाटेवरील तारांतील गळती धरली तर याहूनही अधिक.

दुसरें देणें राखेचें. आपला कोळसा राखेनें जड आहे. शंभर भागांत तीस ते चाळीस भाग राखच निघते. त्या मानानें पूर्ण शक्तीनें चालणाऱ्या ५०० मेगावॅटच्या केंद्रांत रोज अडीच ते साडेतीन हजार टन राख सांठते. ती पाण्याबरोबर राखेच्या तलावांत सोडली जाते किंवा कोरडी उचलली जाते. उन्हाळ्यांत तलाव सुकला व वारा सुटला कीं ती भोंवतालच्या शेतांवर व घरांवर उडते. कपाशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या धान्यावर, माणसांच्या छातींत ती जाऊन बसते. हीच राख सिमेंटांत, विटांत व रस्त्यांच्या भरावांत उपयोगी पडते. ती अशीच उपयोगांत आणावी असा पहिला सरकारी हुकूम १९९९ सालीं निघाला व २०२१ च्या अखेरीस त्याहून कडक नियम झाले. नियम कागदावर आल्यानें वारा थांबत नाहीं हें खरें. पण नियम असल्यानें राखेशेजारील गांवास प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो, हेंही थोडें नाहीं.

तिसरें देणें पाण्याचें, आणि वऱ्हाडांत तें सर्वांत अवघड. डिसेंबर २०१५ मध्यें केंद्र सरकारनें शीतन मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांस दर युनिटास साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली. ही मर्यादा पूर्ण वापरली तर एक कोटि वीस लक्ष युनिटांस रोज चार कोटि वीस लक्ष लिटर पाणी होतें. ग्रामीण नळयोजनांत दर माणशीं दररोज ५५ लिटर हें प्रमाण धरतात. त्या प्रमाणानें हें पाणी साडेसात लक्ष माणसांचें झालें. २०११ च्या खानेसुमारींत अकोला शहराची वस्ती सवाचार लक्ष होती. आतां हें केंद्र वसलें आहे कोठें तें पाहावें. पूर्णेच्या खोऱ्यांत अकोला, बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांचा मोठा पट्टा ‘खारपाणपट्टा’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथें विहीर खणली तर पाणी लागतें, पण तें खारें. ज्या मुलखांत गोड पाण्यासाठीं माणसें तरसतात, तेथें नदीच्या गोड पाण्याचा प्रत्येक थेंब कोणाच्या तरी तोंडचा असतो. पाणी नसेल तर कोळशाचे ढीग कामाचे नाहींत, हें मराठवाड्यांतील परळीच्या केंद्रानें दाखवून दिलेंच आहे. २०१३ च्या दुष्काळांत व पुन्हा २०१५ सालीं तेथील यंत्रें पाण्याअभावीं बंद ठेवावीं लागलीं.

या तिन्ही देण्यांचा अर्थ असा नव्हे कीं पारसचे संच उभे करण्यांत चूक झाली. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनीं रॉकेलच्या चिमणीपुढें अभ्यास केला, त्यांस विचारावें. दवाखान्यांतील लसींच्या शीतपेटीस, नळयोजनेच्या पंपास, गिरणीस व शेतांतील मोटारीस वीज पाहिजेच. आणि ती देण्याचें काम या भट्ट्यांनीं निष्ठेनें केलें आहे. आम्हांस म्हणावयाचें तें इतकेंच, कीं विजेची किंमत बिलावरील रुपयांत पूर्ण येत नाहीं. तिचा कांहीं भाग पारसच्या भोंवतालचीं गांवें राखेनें भरतात, मन नदीचें खोरें पाण्यानें भरतें, वर्धेच्या खोऱ्यांतील खाणींशेजारचीं गांवें आपल्या जमिनीनें भरतात, आणि रात्रीं बांधावर उभा असलेला शेतकरी आपल्या झोपेनें भरतो.

विस्ताराचा तिसरा अध्याय कसा लिहिला जाईल? पारसला ६६० मेगावॅटचा आणखी एक संच बसविण्याची योजना मांडली गेली होती. तो संच उभा राहिलेला नाहीं. मध्यंतरीं दुसरेंच एक सामर्थ्य रणांगणांत उतरलें आहे, आणि तें म्हणजे आपल्या डोक्यावरचें ऊन. २०१७ पासून राज्यांत ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ चालूं आहे व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. गांवाजवळच्या जागेंत सौर पत्रे मांडून तेथील वीज थेट शेतीच्या वाहिनीस द्यावयाची, असें तिचें स्वरूप आहे. सौर वीज दिवसांच होते; अर्थात् ती शेतीस मिळाली तर पाणीही दिवसांच देतां येतें. जी गोष्ट शेतकऱ्यांच्या अर्जांनीं झाली नाहीं, ती यंत्राचा स्वभाव बदलल्यानें होऊं घातली आहे.

परंतु सूर्य मावळल्यावर दिवा लागतोच. दुपारीं सौर विजेचा पूर येतो व सायंकाळीं तो एकाएकीं ओसरतो. म्हणून कोळशाच्या भट्टीस आतां नवी विद्या शिकावी लागत आहे. दुपारीं तिनें मंद व्हावें व तिन्हीसांजेस झपाट्यानें तेज धरावें, अशी तिच्याकडून अपेक्षा आहे. २०२३ सालीं केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें तसे नियमच केले असून कोळशाच्या संचांनीं क्रमाक्रमानें पूर्ण शक्तीच्या ४० टक्क्यांपर्यंत खालीं उतरण्याची तयारी करावी असें त्यांत सांगितलें आहे. हें सोपें नाहीं. जाड पोलाद वारंवार तापलें व निवलें कीं प्रसरण-आकुंचनानें शिणतें आणि त्यास चिरा पडूं शकतात. तेव्हां यापुढील काळांत वीजकेंद्राचा विकास म्हणजे केवळ नवी भट्टी बांधणें नव्हे. आहे त्या भट्टीस लवचीक करणें, तिची राख पूर्ण वापरणें, तिचें पाणी पुन्हा पुन्हा खेळविणें, आणि जुनी झालेली भट्टी बंद करतांना तिच्यावर पोट असलेल्या कामगारांची व तिला जमीन दिलेल्या कुटुंबांची सोय पाहणें, हें सर्व त्या एका शब्दांत आलें पाहिजे.

आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींजण उद्यां अभियंते होतील, कांहीं तारा ओढतील, कांहीं शेती करतील व कांहीं पंचायतींत बसतील. त्यांच्यापुढें जेव्हां ‘अमुक ठिकाणीं अमुक मेगावॅटचें केंद्र होणार’ अशी वार्ता येईल, मग तें कोळशाचें असो वा उन्हाचें, तेव्हां मेगावॅटच्या आंकड्यावर न थांबतां त्यांनीं चार प्रश्न अवश्य विचारावेत. पाणी कोणाचें घेणार? राख किंवा कचरा कोठें जाणार? जमीन देणारास काय मिळणार? आणि ही वीज रिठदच्या शेतांत दिवसां पोहोंचणार कीं रात्रीं? ज्याच्यापाशीं या चारही प्रश्नांचीं सरळ उत्तरें आहेत, त्याची योजना विकासाची समजावी. उत्तरें मिळेपर्यंत प्रश्न विचारीत राहावें. आणि तोंवर, खोलींत कोणी नसतां जळत असलेला दिवा मालवावा. त्या अडीच तोळ्यांतील थोडा कोळसा तरी पारसच्या भट्टींत कमी पडेल.